रविवारचा अपवाद

देविदास राठोड जैन नाही. तरीही मागच्या फेब्रुवारीपासून या फेब्रुवारीपर्यंत त्याने सूर्यास्तानंतर अन्न घेतलेले मी एकदाही पाहिले नव्हते.

आमची भेट मागच्या जानेवारीच्या अखेरीस कुरुंद्याजवळच्या एका शेतात झाली. मी वसमतच्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. हळदीला पिवळेपणा देणाऱ्या द्रव्याचे प्रमाण मोजणे हे माझे काम. हळद किती वेळ शिजवली म्हणजे ते द्रव्य घटू लागते, हा त्या हंगामातला प्रश्न होता; म्हणून मी एका बॉयलरशेजारी घड्याळ हातात घेऊन उभी होते. अचानक बॉयलरची झडप उघडली. पांढऱ्या, उग्र वासाच्या वाफेत मला माझा स्वतःचा हात दिसेना. कोणीतरी माझी बाही चिमटीत धरून मला दोन पावले मागे घेतले, आणि लगेच सोडून दिले.

“म्याडम, जरा लांब ऱ्हावा. ही वाफ कुणाला ओळखत न्हाई.”

“तुम्हाला ओळखते?”

“थोडी थोडी. बॉयलर मीच बनवलाय.”

माझ्या चष्म्यावर वाफ साचली होती. ती विरत गेली तसा त्याचा चेहरा मला टप्प्याटप्प्याने दिसला— आधी हसू, मग मिशी, मग डोळे. पहिला ठसा हसण्याचा उमटला तो केवळ काच खालून स्वच्छ होत गेल्यामुळे, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले.

वारंगा फाट्यावर त्याचे वर्कशॉप होते. डिप्लोमा झालेला, घर जवळच्या तांड्यात. हळद शिजल्याचे तो वासावरून ओळखत असे.

“वास हे माप नाही,” मी म्हणाले.

“मग तुमचं घड्याळ काय म्हणून राहिलं?”

“पंचेचाळीस मिनिटे झाली. शिजली.”

त्याने वाफेकडे तोंड करून श्वास घेतला. “अजून पाच मिनिटं.”

मी एक कंद काढून त्यात काडी टोचली. काडी अर्ध्यात अडली. पाच मिनिटांनी दुसऱ्या कंदात तीच काडी आरपार गेली.

“एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही,” मी सांगितले.

“मग उद्या बी या,” तो म्हणाला.

मी सहा दिवस गेले. पहिल्याच दिवशी पाच चाळीसला मी रिकाम्या पोत्यांवर बसून डबा उघडला, तेव्हा त्याने विचारले, “इतक्या लवकर काहून?”

“आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाही.”

“काहून?”

मी त्याला परंपरेतले कारण सांगितले: दिव्याच्या उजेडाला किडे येतात, अन्नात पडतात, त्यांची हिंसा होते. पुढे हेही सांगितले की आज बंद खिडकीच्या खोलीत हे कारण पूर्वीइतके लागू पडत नाही, आणि मी ते लागू पडते म्हणून पाळत नाही. घरची सवय आहे म्हणून पाळते. वसमतच्या खोलीवरही प्रयोगशाळा सुटल्यावर बरोबर पाच चाळीसला जेवते.

“तिथं संगं कोण असतं?”

“कोणी नाही. मी एकटीच राहते.”

त्याने मान हलवली आणि तो बॉयलरच्या मागे निघून गेला.

पुढे जे झाले ते हळूहळू झाले. हळदीचे नमुने तो स्वतः वसमतला आणून देऊ लागला. ते एसटीतून पाठवता आले असते. “नमुन्यावर विश्वास हाय, एसटीवर न्हाई,” तो म्हणायचा. पिशवी माझ्या हाती देताना त्याची बोटे गरजेपेक्षा किंचित उशिरा सुटत. किंचित म्हणजे किती, हे मी मोजले नाही. मोजण्याची इच्छा झाली, एवढे नोंदवून ठेवते. पावसाळ्यात एकदा प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली आम्ही तासभर उभे होतो. पागोळ्या गळत होत्या, बोलण्यासारखे काही उरले नव्हते आणि तरीही दोघांपैकी कोणी निघत नव्हते. त्या तासात ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. आधी कोण म्हणाले यावर अजून वाद आहे.

तो रोज फोन करी. फक्त पाच चाळीस ते सहा या वेळेत कधीही नाही. “तवा जेवत असतो,” एवढेच सांगे.

दिवाळीत त्याने मला लग्नाविषयी विचारले. मी वेळ मागितला. आईने मात्र वेळ मागितला नाही. ती सरळ ‘नाही’ म्हणाली. मग डिसेंबरातल्या एका गुरुवारी वसमतला आमच्या नात्यातले लग्न होते. आई दुपारीच येऊन जेवली होती, मी खोलीवर जेवून सात वाजता पोचले. मुलाकडच्यांनी देविदासलाही बोलावले होते. आठच्या पंगतीला सगळ्यांनी आग्रह केला. तो हात जोडून “माझं झालंय” म्हणत राहिला. आईने हे दुरून पाहिले. मग तिने चौकशी केली. फाट्यावरचा खानावळवाला संतराम आईच्या हिंगोलीचाच. त्याने सांगितले की हा गडी वर्षभर वर्कशॉपवर खानावळीचा डबा दिवस मावळायच्या आतच खातो.

आईचे मत एका आठवड्यात बदलले. “आपल्यातल्या मुलांना जमत नाही, तो नियम हा मुलगा पाळतो,” ती म्हणू लागली. “आता तू काय ते ठरव.”

मला ठरवता येईना, आणि अडचण नेमकी त्या नियमातच होती. मी देविदासला विचारले होते, का पाळतोस? त्याने शर्टाच्या बटणाकडे पाहत उत्तर दिले, “सवय झाली.” सवय हे कारण नव्हे, कारण विसरल्यावर जे उरते ते सवय, आणि तो काही विसरलेला दिसत नव्हता. पोटाची तक्रार त्याला नव्हती. त्याला दीक्षा देणारा कोणी नव्हता. उरत होती एकच शक्यता: माझी भेट झाली आणि नियम सुरू झाला, म्हणजे नियम माझ्या घराला दाखवण्यासाठी होता.

दुसऱ्या एखाद्या मुलीला याचा आनंद झाला असता. माझ्या वडिलांनी लग्नासाठी नाटकात काम करणे सोडले होते, आणि पुढची बावीस वर्षे महिन्यातून एकदा तरी त्यांनी त्याचा उल्लेख केला. आई प्रत्येक वेळी ऐकून घेई. कोणाची पसंती मिळवण्यासाठी माणूस जे सोडतो ते तो विसरत नाही. मला आयुष्यभर ऐकून घ्यायचे नव्हते. देविदासने हा नियम आमच्यासाठी घेतला असेल, तर माझे उत्तर ‘नाही’ असणार होते; ते उच्चारण्याची कल्पनाही मला सहन होत नव्हती, ही गोष्ट निराळी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आईनेच मार्ग काढला. “दोघे तीन देवळांना जाऊन या. संध्याकाळी मला उत्तर सांग.” रविवारी आम्ही भेटण्याची ही पहिलीच वेळ. रविवार एरवी हिंगोलीचा, आईचा.

देविदास पिकअप घेऊन आला. मागच्या हौद्यात बॉयलरचे दोन पाइप दोरीने बांधलेले होते.

“दर्शनाला पाइप?” मी विचारले.

“उतरवायला गेलो असतो तर उशीर झाला असता. तुझी आई खिडकीत उभी व्हती.”

हिंगोलीतले देऊळ सकाळी झाले, शिरड शहापूरचे दुपारी. दोन्हीकडे तो माझ्यामागे दोन पावले राहून, मी करीन ते करत होता— पाय धुणे, चौरंगावर तांदूळ वाहणे, प्रदक्षिणा. मंदिरात चामडे नेत नाहीत, म्हणून त्याने पट्टा काढून गाडीत ठेवला.

“तो रेक्झिनचा आहे,” मी सांगितले. “चालला असता.”

“देवाला काय म्हाईत?”

“देवाला माहीत नसेल तर कोणाला असेल?”

“तुला,” तो म्हणाला, आणि एका हाताने पँट सावरत पायऱ्या चढला.

शिरडहून निघाल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजत होती. शेताशेतांतून वाफेचे पांढरे खांब सरळ वर जात होते, कारण वारा नव्हता. काच खाली करून तो प्रत्येक बॉयलरचा वास घेई आणि सांगे: कच्ची, झाली, जरा जास्तच झाली. मी विरोध केला नाही. त्याच्या गिअरवरच्या हाताशेजारी माझा हात होता. खड्डा आला की अंतर कमी होई, आणि खड्डा संपल्यावरही ते पूर्ववत होत नसे.

“आज गप काहून?” त्याने विचारले.

“विचार करते आहे.”

“माझा?”

“तुझ्यासंबंधीच्या एका प्रश्नाचा.”

“म्हणजे माझाच,” तो समाधानाने म्हणाला.

सावळदऱ्याला पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. गाव लहान, देऊळ त्याहून लहान. दारात एक मानस्तंभ, आत काळ्या दगडाची पद्मासनातली मूर्ती. मूर्तीपुढे त्या वेळी कोणीच नव्हते. थंडगार फरशीवर मी पाच मिनिटे बसले. मी प्रार्थना करत नाही; पण त्या शांततेत बसणे मला आवडते, आणि त्यासाठी कशावर विश्वास ठेवावा लागत नाही. देविदास खांबाला टेकून उभा होता. मी डोळे उघडले तेव्हा तो मूर्तीकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता. त्याने घाईने नजर मूर्तीकडे नेली.

देवळाला लागून भोजनशाळा होती. नांदेडहून आलेले दहा-बारा यात्रेकरू पंगतीला बसत होते. नळाच्या तोंडाला पाणी गाळण्याचे फडके बांधलेले होते. देविदास गाडीचे तोंड वळवून ठेवायला गेला आणि मी हात धुऊ लागले. वाढणाऱ्या बाई, पार्वतीबाई, पदर खोचून माझ्याजवळ आल्या.

“बाई, त्ये बॉयलरवालेच ना? व्हय, त्येच. मागच्या चैतात आमच्या शेतावर बॉयलर लावून गेले. लई गुणाचं पोरगं.”

“हो, तेच.”

“रात्री नऊ वाजले काम सरायला. ऐतवारचा बाजार करून आम्हीच उशिरा आलो व्हतो. मंग म्या पिठलं टाकलं. दोनदा मागून घेतलं बगा.”

“रात्री नऊला?”

“मंग. भुकेलं व्हतं लेकरू.”

मी नळ बंद केला. चैत्र म्हणजे एप्रिल. त्याचा नियम तेव्हा दोन महिन्यांचा होता. मला वाटत होते त्याहून हे वाईट निघाले: तो नियम दाखवण्यासाठी घेतलेला होता आणि कोणी पाहत नसताना पाळलाही जात नव्हता. मला राग आला नाही. छातीत काहीतरी जागचे हलल्यासारखे झाले. शरीरशास्त्रात अशी काही क्रिया नाही, तरी झाले.

तेवढ्यात देविदास आला. पार्वतीबाई म्हणाल्या, “बसा दोघं. दिवस मावळायच्या आत आटपू.”

“तू बस, मंजुषा,” तो म्हणाला. “मी रात्री घरी जेवतो.”

हे इतक्या सहजपणे म्हटले गेले की मी त्याच्याकडे पाहतच राहिले. लबाडी करणारा माणूस निदान इथे तरी जेवला असता. जैन देवळाच्या आवारात, दहा जैन यात्रेकरूंसमोर, माझ्या आईला ज्या दिवशी उत्तर जायचे त्याच दिवशी तो आपण होऊन रात्री जेवणार असल्याचे सांगत होता. माझा निष्कर्ष या निरीक्षणात बसत नव्हता.

“बाहेर ये,” मी म्हणाले.

मानस्तंभाच्या कट्ट्यापाशी आम्ही उभे राहिलो. ऊन तिरपे झाले होते.

“मागच्या चैत्रात तू इथे रात्री नऊला पिठलं-भाकरी खाल्लीस.”

“व्हय. चांगलं व्हतं पिठलं.”

“मग नियम?”

“कसला नियम?”

“सूर्यास्तानंतर न जेवण्याचा.”

“माझा असला कायी नियम न्हाई,” तो गोंधळून म्हणाला. “मी कधी म्हणलो?”

मी आठवून पाहिले. तो खरोखरच कधी म्हणाला नव्हता. ‘नियम’ हा शब्द आईचा होता, आणि मी तो तपासल्याशिवाय उचलला होता.

“मग रोज पाच चाळीसला जेवतोस ते काय?”

“ते निराळं.”

“आणि आज का नाही?”

“आज ऐतवार हाय.”

“रविवारचा इथे काय संबंध?”

त्याने खाली वाकून पायाशी पडलेला खडा उचलला, या हातातून त्या हातात घेतला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सावळ्या माणसाच्याही होतात, हे मी त्या दिवशी पाहिले.

“ऐतवारी तू हिंगोलीत असतीस,” शेवटी तो म्हणाला. “आईसंगं जेवतीस.”

मी एकेक तारीख विचारायला सुरुवात केली.

“पंधरा ऑगस्टला प्रयोगशाळा बंद होती.”

“तू हिंगोलीला गेली व्हतीस. मी रात्री जेवलो.”

“दिवाळीत?”

“पाची दिवस रात्री.”

“जुलैत मला ताप होता—”

“आई आली व्हती तुझ्याकडं. चार दिवस. रात्रीच. ती पाचव्या दिवशी सकाळी गेली. त्या दिवशी पाच चाळीसला.”

जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सूर्याचा नियम असता तर तेव्हा साडेसहालाही जेवून चालले असते. तो मात्र वर्षभर घड्याळातली एकच वेळ धरून होता. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मोजमाप हाच माझा व्यवसाय असूनही ती माझ्या लक्षात आली नव्हती.

“आमच्या घरी कुणी एकटं जेवाय बसत न्हाई,” देविदास खड्याकडे पाहत सांगू लागला. “बाबा शेतातून कितीबी उशिरा येऊ देत, याडी, माझी आई, त्यांच्या समोर परत ताट घेऊन बसती. अर्धी भाकर का व्हईना, खाती. तू त्या पहिल्या दिवशी पोत्यावर डबा उघडलास तवा मला बसायचं व्हतं. पण तू म्याडम... ना ओळख, ना काही. मग बॉयलरच्या मागं जाऊन गूळ-शेंगदाणे खाल्ले.”

“मला दिसले नाही.”

“दिसावं म्हणून न्हाई खाल्ले.”

“आणि नंतर मी वसमतला गेल्यावर?”

“शटर अर्धं ओढतो अन् बसतो डबा घेऊन. एवढंच.”

“पण तू फाट्यावर, मी वसमतला. मला ते कळतही नव्हते. माझे एकटीने जेवणे त्याने कमी कसे होणार?”

“न्हाई व्हत कमी. ते मला बी समजतं. डिप्लोमा हाय माझा.” तो जरासा हसला. “पण तू तिकडं एकटी जेवून राहिली अन् मी बसलो न्हाई... असं माझ्यानं व्हत न्हाई.”

“मला सांगितले का नाहीस?”

“तू विचारलं असतंस, याचा उपयोग काय. उपयोग मला म्हाईत न्हाई.”

दाखवण्यासाठी केलेल्या गोष्टीला पाहणारा लागतो. या गोष्टीला कोणीच पाहणारा नव्हता. जिच्यासाठी ती होती तिच्यापासूनही ती वर्षभर लपून राहिली होती. आणि यात त्याने काही सोडलेले नव्हते. सोडलेले नसेल, तर पुढे ऐकवायचे तरी काय?

“माझे उत्तर हो आहे,” मी म्हणाले.

“कशाचं?”

“दिवाळीत विचारले होतेस त्याचे.”

त्याच्या हातातला खडा खाली पडला. “त्याला तीन महिने उलटले.”

“पुरावा अपुरा होता.”

“आन् आता?”

“आता पुरेसा आहे.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग एक पाऊल जवळ आला, देवळाचे आवार आहे हे आठवून थांबला, आणि माझ्या बाहीचे टोक, फक्त टोक, चिमटीत धरले. या वेळी सोडले नाही.

“मग तोंड एवढं गंभीर काहून?”

“भूक लागली आहे.”

आम्ही आत गेलो तेव्हा पंगत उठली होती. यात्रेकरूंची बस सुरू झाल्याचा आवाज आला. सतरंजीच्या लांबलचक रिकाम्या पट्टीसमोर पार्वतीबाईंनी माझ्यासाठी एकच ताट मांडून ठेवले होते. सहा वाजून आठ मिनिटे झाली होती. सूर्यास्त सहा सव्वीसला होता. मी बसले. देविदास समोर येऊन मांडी घालून बसला.

“मावशी, मला बी अर्धी भाकर.”

“आज रविवार आहे,” मी म्हणाले.

“पंगत उठली,” तो म्हणाला.

डाळीला कांदा-लसूण नव्हता, पण जिऱ्याची फोडणी छान बसली होती. त्याने सांगितली होती अर्धी आणि खाल्ल्या दोन.

हात धुऊन मी आईला फोन लावला. ती वाटच पाहत होती. आधी तिला उत्तर सांगितले. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाली, “मला वाटलंच होतं. एवढा नियमाचा मुलगा—”

तिथे गप्प राहिले असते तर सगळे सुरळीत झाले असते. पण तिची संमती चुकीच्या माहितीवर उभी होती, आणि ती तशीच राहू देणे मला मान्य नव्हते.

“आई, देविदासचा कोणताही नियम नाही. रविवारी तो रात्री जेवतो. सणावारीही.”

देविदास गाडीजवळ उभा राहून पट्टा कमरेला बांधत होता, आणि ऐकू येत नसल्यासारखे दाखवत होता.

“मग बाकीचे दिवस तो सूर्यास्ताआधी का जेवतो?” आईने विचारले.

“बाकीचे दिवस मी वसमतच्या खोलीत पाच चाळीसला एकटी जेवते,” मी सांगितले. “मी एकटी जेवू नये म्हणून तोही त्याच वेळी जेवायला बसतो. दुसरे कारण नाही.”